इंग्लंडातल्या घराचा गॅस बॉयलर बदलायचाय? खर्च, नियम आणि कोटेशन घेण्याआधी स्वतः तपासायच्या गोष्टी

जानेवारीत बॉयलर बंद पडला की घर गारठतं, आणि जो पहिला इंजिनीअर "उद्या येतो" म्हणेल त्याला आपण हो म्हणून मोकळे होतो. आम्हीही तेच केलं होतं. रेडिंगमधलं आमचं घर १९३० च्या दशकातलं, तीन बेडरूमचं, शेजारच्या घराला एका भिंतीने जोडलेलं. २०२२ च्या जानेवारीत जुन्या बॉयलरने मान टाकली आणि तिसऱ्या दिवशी नवा बसलासुद्धा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आठवडाभर कडाक्याची थंडी पडली आणि एका पहाटे तो नवा कोरा बॉयलर गुरगुरून बंद झाला. बॉयलरमधून निघणारं पाणी वाहून नेणारी नळी बसवणाऱ्याने उत्तरेकडच्या भिंतीवरून उघड्यावर नेली होती, तीही बोटाएवढी बारीक. ती आतून गोठली होती. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. ती शाल गुंडाळून मागच्या दारात उभी राहिली आणि मी पातेल्यातलं कोमट पाणी तांब्याने त्या नळीवर ओतत राहिले. दहाएक मिनिटांनी बर्फ सुटला, गळगळ आवाज झाला आणि बॉयलर पेटला.

त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांत बॉयलर बदलायची वेळ आली, तेव्हा मी त्यांच्यासोबत कोटेशनं वाचायला बसले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता: कुठल्या कंपनीचा घेऊ? वूस्टर बॉश, व्हेलंट, आयडियल, बॅक्सी, व्हिसमन ही सगळी इथे रुळलेली नावं आहेत आणि सगळ्यांचे सुटे भाग मिळतात. खर्च आणि पुढचा मनस्ताप ठरतो तो डब्याच्या बाहेरच्या गोष्टींवरून: गॅसचा पाइप, नळाच्या पाण्याचा जोर, पाणी बाहेर नेणारी नळी, रेडिएटरमधला गाळ आणि कागदपत्रं. म्हणून हा लेख त्यांच्याबद्दल जास्त आणि डब्याबद्दल कमी आहे. इथले नियम मुख्यतः इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये बांधकामाचे नियम थोडे वेगळे आहेत.

भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी एवढं वाचा

बॉयलर बदलणं किंवा दुरुस्त करणं हे घरमालकाचं काम आहे, तुमचं नाही. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार घरातली गरम पाण्याची आणि हीटिंगची यंत्रणा चालू ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. शिवाय दर वर्षी गॅस सुरक्षा तपासणी करून त्याची प्रत २८ दिवसांत भाडेकरूला द्यावी लागते, आणि नवीन भाडेकरूला ती राहायला येण्याआधी मिळायला हवी. बॉयलर बंद पडला तर फोनवर बोला, पण त्याच दिवशी ईमेलही करा. तारीख लेखी राहते.

दुरुस्ती करायची की बदलायचा?

बॉयलर बारा-पंधरा वर्षांचा झाला की येणारा प्रत्येक माणूस "आता बदलाच" म्हणतो. लगेच मान डोलावू नका. पंखा, पंप, पाणी वळवणारा व्हॉल्व्ह किंवा प्रसरण टाकी बिघडली असेल तर दोन-चारशे पौंडांत काम होतं. मुख्य हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग, फुटला असेल, सुटे भाग मिळेनासे झाले असतील, किंवा एका हिवाळ्यात तिसऱ्यांदा माणूस बोलवायची वेळ आली असेल, तर मात्र पैसे नव्याकडे वळवावेत.

"नवा घ्या, गॅसच्या बिलात पैसे सुटतील" हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा. तो एकदा कागदावर मांडून पाहू. ऑफजेम या इथल्या ऊर्जा नियामक संस्थेने २०२३ मध्ये सर्वसाधारण घराचा वर्षाचा गॅस ११,५०० युनिट (किलोवॉट-तास) धरला होता. तुमचा जुना बॉयलर ७५ टक्के कार्यक्षम असेल आणि नवा प्रत्यक्षात ९० टक्के चालला, तर तेवढ्याच उबेसाठी साधारण ९,६०० युनिट लागतील. वाचले १,९००. युनिटला ६ पेन्स धरले तर वर्षाला ११५ पौंडांच्या आसपास. तीन हजार पौंडांचा बॉयलर या बचतीतून फिटायला पंचवीसहून अधिक वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं तो टिकणार नाही. जुना बॉयलर एप्रिल २००५ नंतरचा असेल तर फरक आणखी कमी, कारण तेव्हापासून इंग्लंडमध्ये नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणाऱ्या, प्रकारचाच बसवावा लागतो. तेव्हा चालता, सुरक्षित बॉयलर निव्वळ बिलासाठी काढू नका. बदलायचा तो भरवशासाठी आणि सुरक्षिततेसाठी.

आणि वय झालेला बॉयलर बदलायचं ठरलंच असेल तर मे ते ऑगस्टमध्ये बदला. इंजिनीअरकडे तेव्हा वेळ असतो, तीन कोटेशनं निवांत घेता येतात, आणि दोन दिवस हीटिंग नसलं तरी कुणी आजारी पडत नाही.

कोटेशनआधी घरात करायची पाहणी

पहिली चाचणी बादलीची, आणि ती मराठी घरात सोपी आहे, कारण इंग्रजांच्या बाथरूममध्ये नसलेली बादली आपल्याकडे असते. दहा लिटरची बादली किचनच्या थंड नळाखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि सेकंद मोजा. पन्नास सेकंदांत भरली तर मिनिटाला बारा लिटर पाणी येतंय. ही चाचणी सकाळी साडेसातला करा, कारण तेव्हा शेजारीपाजारीही अंघोळी करत असतात. दुपारी दोनचा आकडा फसवा असतो. मिनिटाला दहा लिटरपेक्षा कमी येत असेल तर घरात शिरणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते आधी बघा. तो उघडा असूनही धार बारीक असेल तर कितीही महागडा कॉम्बी (पाणी न साठवता तापवणारा) बॉयलर घेतला तरी शॉवर मिळमिळीतच राहणार.

मग रेडिएटरवरून हात फिरवा. हीटिंग चालू करून अर्ध्या तासाने रेडिएटर वरून गरम आणि खाली मधोमध गार लागला, तर आत गाळ बसलाय. उलट, वर गार आणि खाली गरम असेल तर फक्त हवा अडकलीय. हवा सोडायच्या छोट्या किल्लीने थोडं पाणी एका वाटीत घ्या. काळं, शाईसारखं पाणी निघालं तर तो लोखंडाचा गंज आहे. तो साफ न करता नवा बॉयलर जोडला तर काही महिन्यांत त्याच्या हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांत जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट गॅसचा पाइप. मीटरपासून बॉयलरपर्यंतचा पाइप बारीक, म्हणजे १५ मिलिमीटरचा आहे की २२ चा, ते पट्टीने बघता येतं. जुन्या घरांत बऱ्याचदा लांबच लांब १५ चा असतो. नियम असा, की गॅस चालू असताना मीटर आणि बॉयलर यांच्यामध्ये दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडता कामा नये. कॉम्बी बॉयलर गरम पाणी देताना एकदम भरपूर गॅस ओढतो, त्यामुळे बारीक पाइप पुरत नाही आणि नवा जाड पाइप टाकावा लागतो. फरशीखालून न्यावा लागला तर एवढ्याचेच चार-पाचशे पौंड होतात. पाइप न बघता, फोनवर किंवा नुसत्या फोटोंवर ठरलेली किंमत इथेच वाढते.

चौथी गोष्ट पाणी बाहेर नेणारी नळी. धुरातल्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती कंडेन्सिंग बॉयलर परत वापरतो; भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी लागतं तसंच हे. ते पाणी किंचित आम्लयुक्त असतं आणि सतत ठिबकतं, त्यामुळे त्याला वाट लागते. सर्वांत चांगली वाट घराच्या आतून, किचन सिंकच्या किंवा संडासच्या मोठ्या पाइपात. बाहेरूनच न्यावी लागली तर नळी किमान ३२ मिलिमीटरची, वरून जाड आवरण घातलेली, जमेल तितकी आखूड आणि चांगल्या उताराची हवी. आमच्याकडे बाहेर २१.५ ची होती, आवरणाशिवाय. पुढे दुसऱ्या इंजिनीअरकडून ती सिंकच्या पाइपात वळवून घेतली. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर वेगळे पैसेही पडले नसते.

कॉम्बी की टाकीवाला?

भारतातल्या वाचकांनी कॉम्बी बॉयलर म्हणजे हीटिंगही करणारा मोठा गीझर समजावा. नळ सोडला की पेटतो, पाणी जाता जाता तापवतो, साठवत नाही. सिस्टिम बॉयलरसोबत गरम पाण्याची बंद टाकी असते आणि तिला थेट नळाचा जोर मिळतो. सर्वांत जुन्या पद्धतीत माळ्यावर थंड पाण्याची टाकी आणि कपाटात तांब्याची गरम पाण्याची टाकी असते. आजीच्या घरातल्या तांब्याच्या बंबाची आठवण यावी अशी ती दिसते, फक्त विस्तव दुसरीकडे असतो.

एक बाथरूम आणि चार माणसं असतील तर कॉम्बी पुरतो. दोन शॉवर एका वेळी चालत असतील तर पाणी वाटलं जातं आणि दोघांनाही अर्धवट मिळतं. तिथे टाकीच बरी. आपल्या घरांच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेते धरतच नाहीत: बऱ्याच मराठी घरांत, निदान आईवडील आलेले असताना, अंघोळ बादलीनेच होते. वीस लिटरच्या बादलीला साधा २४ किलोवॉटचा कॉम्बी दोन मिनिटं घेतो. इंग्रजी पद्धतीने दीडशे लिटरचा टब भरायचा तर त्याच बॉयलरला पंधरा मिनिटं लागतात. तुमच्या घरात टब भरला जातो का, हे सांगितलंत तर बॉयलर एका आकाराने लहान घेता येईल.

जुन्या टाकीवाल्या पद्धतीवरून कॉम्बीकडे जाणार असाल तर आणखी एक धोका लक्षात घ्या. जुन्या पद्धतीत रेडिएटरमधल्या पाण्यावर दाब जवळपास नसतो. नव्यात तो एक ते दीड बार असतो. तीस-चाळीस वर्षं न गळलेला सांधा मग गळू लागू शकतो. कोटेशनमध्ये याबद्दल काय लिहिलंय ते विचारून ठेवा. टाकीचीच पद्धत ठेवून नवी दाबाची, म्हणजे नळाच्या जोरावर चालणारी बंद टाकी बसवायची असेल तर तो इंजिनीअर त्या कामासाठी वेगळा पात्र असावा लागतो, कारण त्या टाकीचे सुरक्षा नियम स्वतंत्र आहेत.

किती किलोवॉटचा?

मला विक्रेत्याने ३५ किलोवॉटचा सांगितला होता, "मोठा म्हणजे चांगला" म्हणून. मी घेतला. तेव्हा हा हिशोब माहीत नव्हता.

थंडीत नळाचं पाणी पाच-सात अंशांवर येतं आणि शॉवरला चाळीसच्या थोडं वर लागतं. म्हणजे ३५ अंश वाढवायचे. तेवढ्या वाढीला २४ किलोवॉट मिनिटाला सुमारे १० लिटर देतो, ३० किलोवॉट १२ आणि ३५ किलोवॉट १४. तुमच्या बादलीच्या चाचणीत मिनिटाला ११ लिटरच आले असतील तर ३५ चा बॉयलर १४ आणणार कुठून? पाणीच तेवढं नाही.

हीटिंगसाठी तर याहून खूपच कमी लागतं. दुहेरी काचा आणि माळ्यावर आवरण असलेल्या तीन बेडरूमच्या घराला अगदी गोठवणाऱ्या दिवशीही सहा ते दहा किलोवॉट पुरतात. बाकीच्या दिवशी तीन-चार. म्हणून बॉयलरचा सर्वांत मोठा आकडा विचारता तसा सर्वांत छोटाही विचारा: ज्योत किती खाली येऊ शकते? दहास एक प्रमाणात उतरणारा ३० किलोवॉटचा बॉयलर ३ वर येऊन मंद, सलग चालतो. चारास एक उतरणारा साडेसातच्या खाली येऊ शकत नाही, म्हणून सारखा पेटतो, विझतो, पेटतो. त्यात गॅसही जातो आणि सुटे भागही झिजतात. मला विचाराल तर कोटेशनमधला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच.

खर्च

गेल्या दोन-तीन वर्षांत दक्षिण इंग्लंडमध्ये मी पाहिलेल्या कोटेशनांवरून हे आकडे देते. ते व्हॅटसह आहेत. गॅस बॉयलरवर व्हॅट २० टक्के लागतो. उत्तरेकडे थोडं स्वस्त पडतं, लंडनमध्ये महाग.

कॉम्बी काढून त्याच जागी कॉम्बी: २,२०० ते ३,५०० पौंड, काम एका दिवसाचं. यात बॉयलरचा डबा ९०० ते १,६०० चा. उरलेली रक्कम मजुरी, फ्लू म्हणजे धूर बाहेर सोडणारी दुहेरी नळी, थर्मोस्टॅट आणि किरकोळ सामान यांची. टाकीवाली पद्धत काढून कॉम्बी: ३,००० ते ४,५००, दोन ते तीन दिवस. सिस्टिम बॉयलर नव्या दाबाच्या टाकीसह: साडेचार हजारांच्या पुढे.

यावर चढणाऱ्या रकमा वेगळ्या. मशीन लावून रेडिएटर धुणं, म्हणजे पॉवर फ्लश, ३०० ते ६००. नुसतं रसायन टाकून धुणं त्याहून पुष्कळ स्वस्त. वाटीत निघालेलं पाणी फिकट असेल तर दुसरं पुरेसं आहे, काळंकुट्ट असेल तर पहिलं करून घ्या. गंजाचे कण पकडणारा लोहचुंबकाचा फिल्टर १०० ते १५०, आणि यात काटकसर करू नका. लंडन, रेडिंग, केंट या भागांत पाणी जड आहे. किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तो तुम्ही पाहिलाच असेल. तिथे थंड पाण्याच्या वाटेवर क्षार अडवणारं उपकरण बसवून घ्या. फ्लू छपरातून वर न्यावा लागला तर दोन-तीनशे आणखी, आणि परांची बांधावी लागली तर तिचे वेगळे.

तीन कोटेशनं घ्या: एक मोठ्या कंपनीचं, दोन स्थानिक इंजिनीअरांची. माझ्या पाहण्यात स्थानिक माणसाचं काम जास्त काळजीचं निघालं आहे, कारण त्याची पुढची कामं शेजारच्या गल्लीतूनच येतात. प्रत्येक कोटेशनवर या गोष्टी लिहून मागा: बॉयलरचं नेमकं मॉडेल आणि वॉरंटी किती वर्षांची, गॅस पाइप मोजला का, पाणी बाहेर नेणारी नळी कुठून जाणार, धुण्याची पद्धत, फिल्टर, थर्मोस्टॅटचं मॉडेल, जुना बॉयलर कोण नेणार, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र किमतीत धरलंय का. ज्याने घरात येऊन पाण्याचा जोर मोजला नाही आणि मीटर पाहिला नाही, त्याचं कोटेशन मी बाजूला ठेवते.

पैसे देताना आगाऊ रक्कम, निदान त्यातला काही भाग, क्रेडिट कार्डाने भरा. वस्तू किंवा सेवेची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली काम बिघडल्यास किंवा कंपनी बुडाल्यास कार्ड कंपनीही जबाबदार राहते. विक्रेत्याने घरी येऊन तुमची सही घेतली असेल तर साधारणपणे १४ दिवसांत करार रद्द करता येतो. पण त्या मुदतीत काम सुरू करायला तुम्हीच लेखी सांगितलंत तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात.

हीट पंपाचं काय?

कोटेशनं घेताना हीट पंपाचंही एक मागवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड योजनेखाली गॅस बॉयलर काढून हवेतून उष्णता घेणारा पंप बसवला तर ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं. ही रक्कम २३ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. व्हॅट ३१ मार्च २०२७ पर्यंत शून्य. अर्ज बसवणारी प्रमाणित कंपनीच करते. त्याला बाहेर जागा, आत टाकीसाठी कपाट आणि बऱ्याच घरांत मोठे रेडिएटर लागतात, आणि पाहणीपासून बसेपर्यंत आठवडे जातात. जानेवारीत बंद पडल्यावर हा पर्याय सुचूनही उपयोग नसतो. उन्हाळ्यात बदला म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

नियम

पहिला आणि न मोडण्याचा नियम: गॅसचं काम फक्त गॅस सेफ नोंदणी असलेला माणूस करू शकतो. १ एप्रिल २००९ पासून ही नोंदणी कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी आली. त्याच्याकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं. ते मागा, मुदत बघा आणि उलटं करा. पाठीमागे त्याला कोणती कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. त्यात बॉयलर असायला हवा, नुसती शेगडी नव्हे. परवाना क्रमांक नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर "ओळखीतला आहे, रोखीत स्वस्तात करतो" असे संदेश येतात. त्या माणसाचं कार्ड पाहिल्याशिवाय त्याला घरात पाना लावू देऊ नका.

कारण कार्बन मोनॉक्साइड. पुण्यामुंबईकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तो वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. इथला नवा बॉयलर हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, त्यामुळे खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. पण हे फ्लू नीट जोडलेला असेल तरच. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये नवा बॉयलर बसवताना त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं सक्तीचं आहे. तो वीसएक पौंडांना मिळतो. बॉयलरपासून एक ते तीन मीटरवर लावायचा, कपाटात कोंबायचा नाही. कधी गॅसचा वास आला, किंवा अलार्म वाजला, तर मीटरजवळचा गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.

बॉयलर प्लस हा नियम ६ एप्रिल २०१८ पासून फक्त इंग्लंडमध्ये आहे. बॉयलर किमान ९२ टक्के कार्यक्षमतेचा हवा, वेळ आणि तापमान दोन्हींचं नियंत्रण हवं, आणि कॉम्बी असेल तर चारपैकी एक जोड हवी: बाहेरच्या हवामानानुसार पाण्याचं तापमान बदलणं, खोलीच्या गरजेनुसार ते बदलणं, स्वतः शिकणारा स्मार्ट थर्मोस्टॅट, किंवा धुरातली उष्णता परत घेणारं उपकरण. इंजिनीअरला साधा प्रश्न विचारा: हा थर्मोस्टॅट बॉयलरला नुसतं चालू-बंद सांगतो, की ज्योत कमी-जास्त करायला सांगतो? दुसऱ्या प्रकारचा घ्या. काही थर्मोस्टॅट हे दोन्ही करू शकतात, पण घाईत बसवणारे चालू-बंदच्याच दोन तारा जोडून जातात.

फ्लूचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर हवं. थंडीत त्यातून पांढरी वाफ निघते. ती शेजाऱ्याच्या खिडकीवर जाणार असेल तर आधीच वळण देणारी जोडणी मागा. फ्लॅट लीजचा असेल तर बाहेरच्या भिंतीला नवं भोक पाडण्याआधी इमारतीच्या मालकाची परवानगी घ्या. घर संरक्षित यादीतलं असेल तर नगरपालिकेची.

बसवायच्या दिवशी आणि नंतर

इंजिनीअर निघण्याआधी तीन गोष्टी त्याच्यासमोर करा. सगळे रेडिएटर गरम होतात का बघा. दाबाचा काटा थंड असताना एक ते दीड बारच्या मध्ये आहे ना, आणि तो खाली आल्यावर पाणी कसं भरायचं, हे त्याच्याकडून स्वतः करून शिका. आणि बॉयलरसोबत येणाऱ्या पुस्तिकेतला बेंचमार्क तक्ता त्याने भरून सही केलाय का ते तपासा. गॅसचा दाब आणि धुराचे मोजलेले आकडे त्यात असायला हवेत. रिकामे चौकोन दिसले तर तिथेच भरून घ्या.

काम झाल्यावर ३० दिवसांच्या आत त्याने गॅस सेफमार्फत नोंद करायची असते. मग बांधकाम नियमांचं प्रमाणपत्र तुमच्या पत्त्यावर येतं. ते आलं नाही तर पाठपुरावा करा. घर विकताना भरायच्या टीए ६ फॉर्ममध्ये बॉयलर कधी बसवला आणि प्रमाणपत्र कुठे आहे हे विचारतात, आणि कागद नसला की ऐन सौद्यात वकिलांची पत्रं सुरू होतात. वॉरंटीची नोंदणीही बहुतेक कंपन्यांकडे ३० दिवसांत करावी लागते. इंजिनीअर करतो म्हणाला तरी कंपनीकडून आलेला ईमेल डोळ्यांनी बघा.

मग एक काम स्वतः करा. बसवणारे सहसा रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७० किंवा ७५ वर ठेवून जातात. परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली आलं तरच वाफेचं पाणी होऊन ती जादाची उष्णता मिळते. कॉम्बी असेल तर रेडिएटरचं बटण ६० वर आणा. घर नीट ऊबदार राहतंय असं दिसलं तर ५५ वर. रेडिएटर हाताला कमी चटका देतील आणि खोली तापायला जास्त वेळ घेईल, म्हणून हीटिंग अर्धा तास आधी सुरू करा. नळाच्या पाण्याचं बटण वेगळं असतं, त्याला हात लावू नका. गरम पाण्याची टाकी असेल तर ती ६० अंशांवरच ठेवा, नाहीतर साठलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

दर वर्षीचं सर्व्हिसिंग ८० ते १२० पौंडांना पडतं आणि ते चुकलं तर वॉरंटी नाकारली जाते. आम्ही ते सप्टेंबरमध्ये करतो, गणपतीच्या आगेमागे, म्हणजे तारीख विसरत नाही. येणाऱ्याने फिल्टर उघडून साफ केला पाहिजे, धुराचं मोजमाप यंत्राने घेतलं पाहिजे आणि पुस्तिकेत आकडे लिहून सही केली पाहिजे. नुसतं झाकण पुसून दहा मिनिटांत निघाला तर त्याला थांबवा आणि पुस्तिका त्याच्या हातात द्या.